डेस्मिड की डेस्मन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दरवर्षी तपासायला एक तरी वही अशी यायची, जिच्यात शेवाळाला सोंड आणि चपटी शेपटी फुटलेली असायची. दोष पोरांचा अर्धाच. शब्दकोशात हे दोन शब्द शेजार धरून बसलेत आणि गाइडं लिहिणारे कायम घाईत असतात. प्रॅक्टिकलच्या टेबलावर, एसटी स्टँडवर, एकदा तर रावेरकडे केळीच्या बागेत उभं राहून लोकांनी जे जे विचारलं, ते इथं एकत्र केलंय.

दोघांतला फरक एका ओळीत सांगा.

डेस्मिड हे गोड्या पाण्यातलं एकाच पेशीचं हिरवं शेवाळ आहे. डेस्मन हा पाण्यात पोहून पोट भरणारा, सोंडेसारख्या नाकाचा केसाळ सस्तन प्राणी आहे. दोन मार्कांपुरतं हवं असेल तर इथं थांबलात तरी चालेल.

मग नावं इतकी सारखी कशी? काहीतरी नातं असेलच की!

काहीही नाही. ग्रीक भाषेत 'डेस्मोस' म्हणजे बंध, जोडणी. डेस्मिडियम नावाच्या शेवाळाच्या पेशी एकमेकींना जोडून साखळी करतात, आणि तिच्यावरून सगळ्या गटाला डेस्मिड म्हणायला लागले. हाच ग्रीक शब्द तुमच्या ओळखीच्या एका झाडातही आहे. दशमुळातली सालवण जुन्या पुस्तकांत डेस्मोडियम या नावाखाली सापडते, कारण तिची शेंग जोड-जोड असलेली, मण्यांच्या माळेसारखी असते.

डेस्मन मात्र स्वीडिशमधून आला. तिकडे 'डेस्मन' म्हणजे कस्तुरी. या प्राण्याच्या शेपटीच्या बुडाशी उग्र वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून लोक त्याला 'कस्तुरीउंदीर' अशा अर्थाचं नाव द्यायचे. त्यातला उंदीर पुढे गळाला आणि नुसती कस्तुरी उरली. तेव्हा एक शब्द गाठीचा आणि दुसरा वासाचा. आपल्याकडे वडाचा पार आणि नदीपार यांत जेवढं नातं, तेवढंच इथं.

डेस्मन म्हणजे पाण्यातली चिचुंद्रीच ना?

शब्दकोश तसंच सांगतात आणि घोळ तिथूनच वाढतो. चिचुंद्रीचं कूळ वेगळं, डेस्मनचं वेगळं. डेस्मन हा मोल या बिळं खोदणाऱ्या प्राण्याच्या कुळातला. मोल महाराष्ट्रात नाहीतच, त्यामुळे त्याला आपल्या बोलीत नाव नाही, आणि भाषांतर करणारा हाताला लागेल तो शब्द, म्हणजे चिचुंद्री, ठेवून मोकळा होतो. दोन्ही कुळं एकाच मोठ्या गणात येतात, म्हणून 'चिचुंद्रीचा लांबचा भाऊबंद' म्हटलंत तर मी लाल पेन उचलणार नाही. 'उंदीर' म्हटलंत तर उचलेन. ना चिचुंद्री उंदीर आहे, ना डेस्मन. उंदराचे पुढचे दात कुरतडण्यासाठी असतात आणि जन्मभर वाढत राहतात. या दोघांचं तोंड किडे-अळ्या पकडून चावण्यासाठी घडलेलं आहे.

पाण्यात राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या चिचुंद्र्याही असतात, आणि त्या भारतातही आहेत, पण हिमालयात. तिथल्या थंड ओढ्यांमध्ये हिमालयी पाणचिचुंद्री राहते. सिक्कीमकडे सापडणाऱ्या नेक्टोगेल या चिचुंद्रीच्या पायांना तर बदकासारखे पडदे असतात. युरोपातली पाणचिचुंद्री बोटांवरच्या राठ केसांचं वल्हं करते, आणि तिच्या लाळेत विष असतं. म्हणजे प्रश्नपत्रिकेत 'अर्धजलचर चिचुंद्री' असं छापलेलं असेल, तर नेमकं उत्तर यांच्यापैकी कुणीतरी असायला हवं. छापणाऱ्याच्या मनात मात्र बहुतेक वेळा डेस्मनच असतो.

डेस्मन दिसतो कसा? कुठं राहतो?

आज फक्त दोन जाती शिल्लक आहेत.

मोठा तो रशियन डेस्मन. व्होल्गा, डॉन आणि उरल या नद्यांच्या खोऱ्यांतली संथ पाण्याची डबकी, नदीचे जुने तुटलेले फाटे, ही त्याची घरं. अंग साधारण २० सेंटिमीटर, शेपटी जवळजवळ तेवढीच आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आपल्या घुशीपेक्षा जरा लहानच. शेपटी खवल्यांची आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, मागच्या पायांना पूर्ण पडदे, आणि डोळे असून नसल्यासारखे. सगळा कारभार नाकावर चालतो. हे लांब, लवचिक नाक सारखं इकडून तिकडे हलत असतं, आणि त्याच्या टोकाला स्पर्श ओळखणारे अतिसूक्ष्म अवयव दाटीनं बसलेले असतात. गढूळ पाण्यात तळाशी नाक फिरवलं की गोगलगाय कुठं आणि जळू कुठं हे त्याला कळतं. आंधळा माणूस काठीनं रस्ता चाचपतो तसं, फक्त इथं काठीच जेवणही शोधते.

बिळाचं तोंड पाण्याखाली आणि आतली खोली पाण्याच्या पातळीच्या वर. पूर आला की खोली बुडते आणि बिऱ्हाड बाहेर पडतं. तापीकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

धाकटा तो पिरेनियन डेस्मन. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स आणि अँडोरा इथल्या डोंगरी, थंड, खळाळत्या ओढ्यांत राहतो. वजन जेमतेम ५० ते ८० ग्रॅम. थोरल्याला संथ पाणी लागतं, याला धावतं. रात्री फिरतो, म्हणून दिसणं कठीण. अभ्यासक ओढ्यातल्या दगडांवर त्याची लेंडी शोधतात आणि तीवरून तो तिथं आहे की नाही ते ठरवतात.

आणि डेस्मिड? ते तर नुसतं हिरवं दिसत असेल.

नुसत्या डोळ्यांना सहसा तेही दिसत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा डेस्मिड पाहिलेलं पोर गप्प होतं, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एक पेशी, पण दोन अर्ध्यांची. अर्धा भाग आरशात धरावा तसा दुसरा अर्धा. बहुतेक डेस्मिडांत दोन्हींच्या मधे खाच असते आणि त्या अरुंद कमरेत केंद्रक बसलेलं असतं. कॉस्मेरियम नावाचं डेस्मिड चहाच्या दोन बश्या काठाला काठ लावून ठेवल्यासारखं दिसतं. स्टॉरॅस्ट्रमला टोकदार हात फुटलेले असतात. मायक्रॅस्टेरियास म्हणजे दिवाळीत दारात काढलेली रांगोळी: एकेका पाकळीला दोन पाकळ्या, त्या पाकळ्यांना पुन्हा दात. क्लॉस्टेरियम मात्र शिस्त मोडतं. त्याला कंबर नाही, ते सरळ चंद्रकोर आहे. त्या कोरीच्या दोन्ही टोकांना एकेक पारदर्शक पोकळी असते आणि तिच्यात बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. 'सर, हे जिवंत आहेत का?' हा प्रश्न हमखास येतो. ते स्फटिक जिवंत नसतात. द्रवाचे कण त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात, म्हणून ते नाचतात. फिजिक्सच्या तासाला शिकलेली ब्राउनची गती ती हीच, आणि ती मुलांना फिजिक्सच्या तासाला कधी दिसत नाही, याची मला जरा गंमत वाटते.

आकार म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून ते थेट एक मिलिमीटरपर्यंत. मधलं, ५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डेस्मिड धरलं, तर रशियन डेस्मनच्या अंगाची लांबी भरायला अशी ४,००० डेस्मिडं ओळीत मांडावी लागतील.

डेस्मिडची वाढ कशी होते?

पेशी कमरेतून दुभंगते आणि प्रत्येक अर्धा आपला हरवलेला जोडीदार नव्यानं घडवतो. सुरुवातीला नवा अर्धा गुळगुळीत फुगवट्यासारखा असतो, मग काही तासांत त्याला खाचा, दात, टोकं येऊन तो जुन्यासारखा होतो. म्हणजे दर डेस्मिडचा एक अर्धा जुना आणि एक नवा. वाड्याची एक भिंत आजोबांनी बांधलेली आणि दुसरी नातवाने, पण नक्षी तीच.

दुसरी रीत संयुग्मनाची. दोन पेशी जवळ येतात, त्यांचा ऐवज एकत्र होतो आणि जाड, बहुधा काटेरी कवचाचा बीजाणू तयार होतो. पाणी आटलं तरी तो तग धरू शकतो. परीक्षेसाठी एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा: डेस्मिडच्या आयुष्यात कुठल्याही टप्प्यावर पोहण्याचा कशाभ, म्हणजे चाबकासारखा धागा, नसतो. सरकायचं असेल तर ते भिंतीच्या छिद्रांतून चिकट द्रव सोडतं आणि त्याच्या जोरावर हळूहळू पुढे ढकललं जातं.

खानदेशात यांतलं काय सापडेल?

डेस्मन नाही. कुठंच नाही, कधीच नाही, अख्ख्या भारतात नाही. डेस्मिड मात्र शोधलंत तर सापडेल.

अट एकच, पाणी निवडून घ्या. डेस्मिडला सहसा मऊ, किंचित आम्ल, खतं-सांडपाणी न मिसळलेलं पाणी मानवतं. आपला मैदानी भाग बेसॉल्टचा, पाणी क्षारांचं, त्यात शेतातून वाहून येणारा युरिया. अशा पाण्यात सोशिक जातीच टिकतात. त्यामुळे गावातल्या डबक्यात एखाददुसरं कॉस्मेरियम किंवा क्लॉस्टेरियम भेटलं तरी समाधान माना. मला दिवसभराची मोकळीक असेल तर मी सातपुड्यात जाईन. तोरणमाळचा यशवंत तलाव हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या काठावरच्या, पावसाच्या पाण्यानं भरलेल्या छोट्या खळग्यांकडे आधी बघा, मग तलावाकडे. हतनूर किंवा गिरणा धरणाच्या मधल्या खोल पाण्यात बाटली बुडवून फारसं हाती लागत नाही. काठाचं उथळ, वनस्पती असलेलं पाणी चांगलं.

वेळ दिवाळीपासून माघापर्यंतची. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ पार करतो तेव्हा अर्धी डबकी उरलेलीच नसतात.

नमुना कसा घ्यायचा? कॉलेजात प्लँक्टन नेट (पाण्यातले सूक्ष्मजीव गाळायची बारीक जाळी) नाही.

नेट नसेल तर अडत नाही. पाण्यात बुडालेली हायड्रिलासारखी वनस्पती मूठभर उचला आणि रुंद तोंडाच्या बाटलीवर कपडा पिळतात तशी पिळा. डेस्मिडं पानादेठांना चिकटून असतात, ती त्या मळकट पाण्यात उतरतात. पन्नास वेळा बाटली बुडवण्यापेक्षा ही एक पिळ बरी. बाटली पूर्ण भरू नका, वर हवा राहू द्या, आणि ती दुचाकीच्या डिकीत उन्हात शिजवू नका. मी एकदा शिरपूरहून येताना ते केलंय. घरी पोचेपर्यंत सगळी रांगोळी पांढरी पडली होती.

घरी आल्यावर गाळ बसू द्या आणि बाटली खिडकीशी ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडाच्या बाजूच्या काचेलगतचा थेंब ड्रॉपरनं घ्या, कारण ती उजेडाकडे सरकतात. आधी १० च्या भिंगाखाली शोधा, मग ४० च्या. फोटोसाठी मोबाइल आयपीसला टेकवला तरी काम भागतं. नमुना टिकवायचा असेल तर ४ टक्के फॉर्मॅलिन किंवा ल्युगॉलचं आयोडीन वापरतात, पण आयोडीननं हिरवा रंग जातो. जिवंतपणी पाहून घ्या, चित्र काढून घ्या, मग काय ते घाला.

भो, आमच्या ठिबकच्या नळ्या ज्या 'शेवाय'नं चोक होतात, ती हीच का?

नाही. हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा शेतकऱ्यांनी जास्त विचारलाय. शेवाळ म्हणा की आपल्या बोलीतलं शेवाय म्हणा, तो एक प्राणी किंवा एक वनस्पती नव्हे, ती भलीमोठी पंगत आहे. ड्रिपर बंद करणारे असतात ते तंतुमय शेवाळाचे झुपके, निळं-हिरवं शेवाळ, जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि त्यात अडकलेली माती आणि क्षार. सुटी डेस्मिडं जाळीच्या फिल्टरमधून सहज निघून जातील इतकी बारीक असतात, आणि शेततळ्यातल्या खतावलेल्या पाण्यात ती मुळात थोडीच असतात.

शेवाळाला उजेड लागतो. लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या ठिबकच्या नळ्या, काळ्या का असतात, याचं हेही एक कारण. म्हणून इलाज नळीत नाही, तळ्यात आणि टाकीत आहे: टाकी झाका, सँड फिल्टर उलट्या प्रवाहानं धुवा, लॅटरलची टोकं सोडून फ्लश करा. क्लोरीन आणि आम्ल या दोन्ही प्रक्रिया करतात, पण कधीही एकत्र नाही. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकमेकांत मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. तळ्यात मासे सोडले असतील तर मोरचूद टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. तो शेवाळाबरोबर माशांनाही मारतो.

तळ्यावर हिरव्या रंगाचा थर आलाय. जनावरांना पाणी पाजावं का?

ऑइलपेंट सांडल्यासारखा थर असेल तर पाजू नका. तो बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो आणि त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर जातं. डेस्मिडमुळे असा थर येत नाही.

डेस्मिड वनस्पती की प्राणी? नेटवर दोन्ही वाचलं.

वनस्पतींच्या बाजूचं. पण तुमचा गोंधळ प्रतिष्ठित आहे. १८३८ मध्ये एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं सूक्ष्मजीवांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यानं डेस्मिडांना प्राण्यांत बसवलं होतं. क्लॉस्टेरियम सरकतं, टोकाशी काहीतरी हलतं, मग प्राणीच असणार, असा तर्क. १८४८ मध्ये राल्फ्स यानं ब्रिटनमधल्या डेस्मिडांवर पुस्तक लिहिलं आणि ती वनस्पतींकडची आहेत ही बाजू नीट मांडली.

डेस्मनचंही कपाट चुकलं होतं, आणि तेही सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसकडून. १७५८ मध्ये त्यानं रशियन डेस्मनला बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या कुरतड्या प्राण्याच्या प्रजातीत टाकलं. पाण्यात राहतो, शेपटी चपटी, वास येतो, म्हणजे बीव्हरच. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर तुमच्या वहीतली सोंड मी माफ करायला हवी होती.

डेस्मिड केळीच्या जवळचं आहे हे खरं का?

ऐकायला विचित्र, पण हो. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती, म्हणजे शेवाळीसारख्या मॉसपासून केळी-कापसापर्यंत, ज्या पूर्वजांतून आल्या त्यांच्या सर्वांत जवळचा आजचा शेवाळगट कोणता, हा वाद बरीच वर्षं चालला. जनुकांच्या मोठ्या तुलनेनंतर कौल डेस्मिड आणि स्पायरोगायरा ज्यात येतात त्या संयुग्मी शेवाळांच्या बाजूनं लागलाय. तेव्हा समुद्रातलं पानासारखं दिसणारं हिरवं शेवाळ दूरचं, आणि थेंबातली ही पानं-मुळं काहीच नसलेली रांगोळी केळीच्या जवळची.

डेस्मन डेस्मिड खातो का?

थेट नाही. पिरेनियन डेस्मन पाण्यातल्या कीटकांच्या अळ्या खातो, आणि त्यांतल्या काही अळ्या दगडांवरचं शेवाळ खरवडून खातात. त्या शेवाळात डेस्मिड असलं, तर ते दोन घरं फिरून डेस्मनच्या पोटात पोचलं म्हणायचं.

यांतलं धोक्यात कोण आहे?

डेस्मनच्या दोन्ही जाती. रशियन डेस्मनला आधी कातडी आणि कस्तुरीसाठी मारलं. त्याच्यासाठी १९३५ मध्ये खोप्योर नदीवर राखीव क्षेत्र केलं गेलं. आता शिकार हा मोठा प्रश्न नाही, मासेमारीची बारीक नायलॉन जाळी आहेत. डेस्मनला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकला की काही मिनिटांत गुदमरतो. कुणी मारायला गेलेलं नसतं. पिरेनियन डेस्मनचं दुखणं वेगळं: धरणं, वीजप्रकल्पांसाठी वळवलेलं पाणी, तुकडे पडलेले ओढे.

डेस्मिडांचा गट म्हणून काही संपत नाही, जाती हजारांनी आहेत. पण स्वच्छ पाण्यातल्या नाजूक जाती सांडपाणी आलं की त्या जागेवरून उठतात. म्हणूनच पाणी तपासणारे लोक डेस्मिडांची यादी करतात. जळगावच्या मेहरूण तलावावर मुलांना नेलं की मी नेहमी हेच करायला लावायचो: काय सापडलं ते लिहा, आणि काय सापडायला हवं होतं तेही लिहा.

परीक्षेत लक्षात ठेवायची युक्ती?

डेस्-मिड. मिड-टर्ममधला मिड, म्हणजे मधला. मधे खाच असलेलं ते डेस्मिड. ही युक्ती माझी नाही, धरणगावच्या एका विद्यार्थिनीची आहे. क्लॉस्टेरियमला खाच नसते, असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, 'सर, तेवढं पाठ करीन.'

मराठीत यांना काय म्हणावं?

डेस्मनला 'पाणचिचुंद्री' म्हणू नका, ते नाव खऱ्या पाणचिचुंद्रीचं आहे. डेस्मिडला पाठ्यपुस्तकी संस्कृत नावं सुचवलेली मी पाहिलीत, पण ती उच्चारताना पोरांची जीभ अडखळते. डेस्मिड आणि डेस्मन, दोन्ही जसेच्या तसे राहू द्या आणि लिहिताना शेवटचं अक्षर दोनदा तपासा.

पांझऱ्याच्या पाटाच्या कडेला लांब नाकाचा, वास मारणारा प्राणी दिसला. हाई काय शे? डेस्मन तर नाही?

चिचुंद्री शे. तोंड निमुळतं, डोळे बारीक, कस्तुरीसारखा उग्र वास, भिंतीच्या कडेकडेनं पळणं आणि चिक-चिक आवाज, ही तिची ओळख. पाटाजवळ ती किड्यांसाठी येते, पोहायला नाही. मागोमाग पिल्लं एकमेकांची शेपूट तोंडात धरून आगगाडीसारखी चालली असतील तर बाजूला व्हा आणि गाडी जाऊ द्या. घरात शिरली तरी झुरळं खाऊन निघून जाईल. दार उघडं ठेवा.